पाणथळ भूमीवरील महावृक्षांची निवड : सालेकसा परिसरातील एका जुन्या व्यवहाराचा विचार

१

पूर्व विदर्भातील धानाच्या मुलखात रस्त्याच्या कडेला, कचेरीच्या आवारात किंवा तलावाच्या काठी शोभेसाठी म्हणून लावलेली रोपे दोनतीन पावसाळ्यांत पिवळी पडून मरतात, हा अनुभव नवा नाही. ह्या अपयशाची कारणे सांगताना बहुधा गुरांचा उपद्रव, राखणदारीचा अभाव व उन्हाळ्यातील पाण्याची टंचाई ह्यांचा उल्लेख होतो. ही कारणे खोटी नव्हेत. परंतु त्यांच्या जोडीला असलेले आणखी एक कारण सहसा कोणी विचारात घेत नाही. ह्या प्रदेशात पुष्कळशी रोपे पाण्यावाचून मरण्याआधीच पाण्याने मरतात. आषाढ-श्रावणात त्यांच्या मुळांशी पाणी साठून राहते, मुळे कुजतात, आणि अशी अर्धमेली झालेली रोपे पुढे वैशाखाच्या पहिल्या तडाख्यात वाळून जातात. पाहणाऱ्याला मात्र ती उन्हाने मेली असेच वाटते.

कोणत्या भूमीवर कोणता मोठा वृक्ष लावावा हा प्रश्न वरवर पाहता उद्यानविद्येचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण असे की, ज्या प्रदेशात आज हा प्रश्न अडचणीचा झाला आहे, त्याच प्रदेशात एके काळी तो गावोगाव सोडवलेला होता. हे उत्तर कोठे ग्रंथबद्ध झालेले नसले तरी तलावांच्या पाळींवर, नाल्यांच्या काठांवर व गावांच्या नावांत ते अद्याप वाचता येते. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेला सालेकसा तालुका आणि त्याला लागून असलेला तळ्यांचा मुलूख हे क्षेत्र समोर ठेवून ते उत्तर काय होते, ते कोणत्या क्रमाने विसरले गेले आणि त्यातील कोणता भाग आज घेण्याजोगा आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे. सालेकसा हे गोंदियाहून दुर्गकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील, आमगावच्या पुढचे स्थानक. येथून पुढे दरेकशाच्या बाजूला जमीन चढू लागते, डोंगर व जंगल सुरू होते आणि छत्तीसगडची हद्द जवळ येते. उत्तरेस बालाघाट जिल्ह्यातील लांजीचा मुलूख लागतो. डोंगरावरून उतरणारे नाले वाघ नदीला मिळतात व ती नदी पुढे वैनगंगेच्या खोऱ्यात जाते. पाऊस वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर, आणि त्याचा बहुतेक सर्व भाग जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात मात्र पारा ४२ अंश सेल्सियसच्या वर जातो.

जुन्या जमाबंदीच्या कागदांत ह्या जिल्ह्यातील मातीचे कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी असे प्रकार आढळतात. शिवाय धानाच्या जमिनीची प्रतवारी करताना केवळ मातीचा पोत न पाहता जमिनीची बैठकही पाहिली जाई. पाणी उतरून जेथे जमा होते ती खोलगट जमीन वेगळी, सपाट जमीन वेगळी आणि उंचवट्याची वेगळी. सारा आकारणाऱ्या अधिकाऱ्याला ही दृष्टी शेतकऱ्याकडूनच मिळाली होती. एकच माती असली तरी तिच्यावर पाणी किती काळ व कसे थांबते, ह्यावर तिची किंमत ठरत असे.

वृक्षांच्या दृष्टीने ह्या ओलाव्याचे तीन प्रकार करता येतात. पहिला नाल्याच्या काठचा. तेथे पाणी विपुल, परंतु वाहते असते. त्यात प्राणवायू मिसळलेला असतो आणि पूर ओसरताच काठ मोकळा होतो. दुसरा तलावाच्या पाळीच्या बाहेरच्या पायथ्याचा. तेथे बाराही महिने पाझर असतो, परंतु पाणी क्वचितच भूपृष्ठावर तुंबते. तिसरा बांधीचा, म्हणजे धानासाठी आळी करून पाणी अडवलेल्या शेताचा व त्याच्या आजूबाजूच्या सखल भागाचा. येथे पावसाळाभर पाणी उभे असते आणि उन्हाळ्यात तीच जमीन दगडासारखी टणक होऊन भेगाळते.

हा तिसरा प्रकार सर्वांत कठीण होय. पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट मंद गतीने होतो. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की तिच्यातील शिलकी प्राणवायू अल्पावधीत संपतो, मुळांचे श्वसन अडते, आणि लोह व मँगनीज ह्यांची विषारी ठरणारी रूपे मातीत सुटी होतात. जे वृक्ष अशा स्थितीत टिकतात ते खोडावर श्वसनरंध्रे वाढवून, पाण्याच्या पातळीजवळ नवी मुळे फोडून किंवा मुळांच्या आत हवेच्या पोकळ्या निर्माण करून टिकतात. ज्यांना हे साधत नाही त्यांची मुळे वरच्या थरापुरतीच राहतात. असा वृक्ष उन्हाळ्यात खालचे पाणी गाठू शकत नाही व वादळात मुळांच्या थाळीसकट उलथून पडतो. म्हणजे येथे नुसते पाणी सोसणारे झाड पुरत नाही. चार महिने पूर आणि चार महिने दुष्काळ असे दोन्ही टोकांचे हाल सोसणारे झाड लागते.

३

ओलाव्याच्या भूमीसाठी वृक्ष निवडण्याचा विचार भारतीय ग्रंथपरंपरेत जुना आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय असून त्यात अनूप म्हणजे जलप्राय भूमीत होणारे सोळा वृक्ष नावांनिशी सांगितले आहेत. जंबू, वेतस, वानीर, कदंब, उदुंबर, अर्जुन, बीजपूरक, मृद्वीका, लकुच, दाडिम, वंजुल, नक्तमाल, तिलक, पनस, तिमिर आणि आम्रातक अशी ती यादी आहे. त्यांपैकी जांभूळ, उंबर, अर्जुन, कदंब आणि नक्तमाल म्हणजे करंज हे आज धानाच्या मुलखातील कोणालाही परिचित आहेत.

ह्याच ग्रंथाच्या दकार्गल म्हणजे भूजलविषयक अध्यायाच्या अखेरीस तलावाच्या रचनेसंबंधी काही सूचना आहेत, त्या आमच्या विषयाला अधिक जवळच्या आहेत. पूर्व-पश्चिम लांबीची पाळ पाणी दीर्घकाळ धरते. दक्षिणोत्तर पाळ वाऱ्याने उठणाऱ्या लाटांनी फुटते. एका बाजूस दगडांनी बांधलेली पाणी जाण्याची वाट ठेवावी, असे तेथे सांगितले आहे. त्याच ठिकाणी तलावाच्या तीरावर लावावयाच्या वृक्षांची नावे येतात. ककुभ म्हणजे अर्जुन, वट, आम्र, प्लक्ष, कदंब, निचुल, जंबू, वेतस, नीप, कुरबक, ताल, अशोक, मधूक आणि बकुल. पाळीला तेथे वापरलेला शब्द ‘पाली’ हा आहे. तोच शब्द ‘पाळ’ ह्या रूपाने गोंदिया-भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी आजही आहे.

ह्या दोन याद्या शेजारी ठेवून वाचल्या असता दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, ‘अनूप’ ह्या संज्ञेचा अर्थ निचरा नसलेली भूमी असा सरसकट घेता येत नाही. अनूपज वृक्षांत डाळिंब व फणस आहेत. फणसाची मुळे तुंबलेले पाणी थोडे दिवसही सोसत नाहीत आणि डाळिंबालाही निचऱ्याची जमीन लागते, हे प्रत्येक बागाइतदाराला ठाऊक आहे. तेव्हा ग्रंथकाराला अभिप्रेत असलेली भूमी पाण्याने समृद्ध आहे, पण ती सर्वत्र चिखलाने दबलेली नाही. पुढील वृक्षायुर्वेदकारांनीही भूमीचे जांगल, अनूप व साधारण असे तीनच भाग केले. ओली भूमी व कोंडलेली भूमी ह्यांतील भेद त्या वर्गीकरणात मावला नाही. जुन्या ग्रंथात नाव आहे एवढ्यावरून एखादे झाड बांधीच्या कडेला लावणे म्हणूनच धोक्याचे ठरेल.

दुसरी गोष्ट नावांच्या गोंधळाची आहे. तीरावरील वृक्षांत कदंब व नीप ही दोन नावे स्वतंत्रपणे आली आहेत. अमरकोशात मात्र ती पर्याय म्हणून दिली आहेत. एकाच यादीत दोन्ही नावे असल्याने लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन वेगळी झाडे असावीत, असे मानण्यास जागा आहे. मराठीतही हा घोटाळा आहेच. कळंब हा शब्द कदंबापासूनच आलेला, पण मध्य भारतातील तळ्यांच्या व नाल्यांच्या काठी ज्याला कळंब किंवा कळम म्हणतात तो वृक्ष बहुधा मित्रागायना वंशातील असतो. रोपवाटिकेत ‘कदंब’ म्हणून जे मिळते ते मोठ्या पानांचे, झपाट्याने वाढणारे दुसरेच झाड. ‘अशोका’च्या बाबतीतही हेच घडते. मागणी सीताअशोकाची असते आणि हाती सरळसोट वाढणारा आसुपालव येतो. नावाच्या चुकीतून निवडीची चूक होते व ती वीस वर्षांनी उघडकीस येते.

निचुल हा वृक्ष सामान्यतः निवर, म्हणजे बंगालीतील हिजल, असा ओळखला जातो. त्याच्या सोशिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सिल्हेटच्या बाजूला हाओर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विस्तीर्ण सखल पाणवठ्यांत हिजल व करंज हेच दोन वृक्ष प्रामुख्याने पाण्यात उभे असतात. पावसाळ्याचे कित्येक महिने त्यांची खोडे बुडालेली असतात. वराहमिहिर अवंतीचा आणि हाओर शेकडो कोस दूर. तरीही त्याने नोंदलेल्या करंज व निचुल ह्या दोन वृक्षांना तेथे निसर्गाचीच साक्ष मिळते.

४

ग्रंथांकडून गावाकडे वळताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. वैनगंगेच्या खोऱ्यात तळी बांधणारांनी बृहत्संहिता वाचून झाडे लावली असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. सारख्या भूमीवर सारख्या गरजांतून सारखे ज्ञान उत्पन्न होऊ शकते.

भंडारा व चांदा ह्या जुन्या जिल्ह्यांतील तळ्यांची परंपरा गोंड राजवटीपर्यंत मागे जाते. जो तळे बांधील त्याला त्याखालील जमीन सवलतीने द्यावयाची, ह्या धोरणातून कित्येक तळी उभी राहिली. ह्या कामात कोहळी समाजाचा वाटा सर्वांत मोठा. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना आपणांस बरोबर आणले, अशी त्यांची परंपरागत कथा रसेल व हिरालाल ह्यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात नोंदली आहे. नवेगावबांध हे त्यांच्या कर्तृत्वाचे सर्वांत ठळक उदाहरण. तळ्यांचा हा गाभा सालेकशाच्या नैर्ऋत्येस, साकोली व अर्जुनीच्या बाजूला आहे. सालेकसा-आमगावच्या मुलखात गोंडांबरोबरच पोवार ही धान पिकवण्यात वाकबगार अशी जमात वसली आणि तिनेही बांध-बोड्यांची हीच पद्धत चालवली. तालुक्यातील कावराबांध ह्या गावाच्या नावातच बांध आहे, तर पिपरिया हे नाव पिंपळाशी जोडलेले दिसते.

स्थलनामांची साक्ष येथे महत्त्वाची आहे. जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन प्रमुख गावे आहेत. एकाला मोरगाव जोडलेले, तर दुसऱ्याला नागपूर-रायपूर सडकेवर असल्याने ‘सडक’ हे विशेषण मिळालेले. सडक अर्जुनीजवळच कोहमारा आहे. अर्जुनाला मध्य प्रांतात कोहा, कहू असे म्हणतात आणि गोंडीत झाडाला ‘मरा’ हा शब्द आहे. ह्या दोहोंच्या संयोगातून कोहमारा हे नाव सिद्ध झाले असावे, असा तर्क येथे मांडावासा वाटतो. तो कोणी अमान्य केला तरी अर्जुनीचा पुरावा उरतोच. माणसांनी आपल्या वस्तीला ज्या झाडाचे नाव दिले ते झाड तेथे ठळकपणे उभे होते, एवढे निश्चित.

अर्जुनाला हे स्थान मिळण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्याची मुळे काठची माती घट्ट धरून ठेवतात. पुराच्या पाण्यात उभे राहूनही तो पंचवीस मीटरपर्यंत उंच जातो. त्याची फिकट, गुळगुळीत साल दुरूनही नजरेत भरते. शिवाय त्याच्या व ऐनाच्या पानांवर कोशाचे किडे पोसले जातात, आणि टसर रेशमाचा तो व्यवसाय पूर्व विदर्भातील ढिवर कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या केला आहे. जांभूळ फळासाठी, करंज तेलासाठी व सावलीसाठी, उंबर देवासाठी, कळंब लाकडासाठी राखला गेला. पाळीवरच्या झाडाखाली ग्रामदेवता बसे, घाटावर आलेल्या बायाबापड्यांना सावली मिळे, आणि ढिवरांची जाळी तेथेच सुकत. शोभेचे झाड व उपयोगाचे झाड असा भेद ह्या व्यवहारात नव्हता. परंतु जागेचा भेद मात्र कटाक्षाने पाळलेला दिसतो. वाहत्या व पाझरत्या पाण्याशी अर्जुन-जांभूळ, सखल धुऱ्यावर पळस-बाभूळ, आणि आंबा, चिंच, मोह हे निचऱ्याचे वृक्ष उंच गावठाणाकडे किंवा टेकाडावर. सागाला तर ह्या मांडणीत पाण्याच्या बाजूस थाराच नव्हता. सागाला उत्तम निचरा अत्यावश्यक आहे हे ट्रूप ह्याने १९२१ च्या आपल्या वनवृक्षविषयक ग्रंथात सांगितले. ते दरेकशाच्या डोंगरातील लाकूडतोड्याला आधीच माहीत होते.

ह्या व्यवहारामागे केवळ सद्भाव नव्हता. १८६० नंतरच्या जमाबंदीत मालगुजाराला गावाची मालकी मिळाली आणि तळी त्याच्या ताब्यात गेली. तलावाची दुरुस्ती, पाण्याची वाटणी व झाडांवरील हक्क ह्यांसंबंधीची वहिवाट वाजिब-उल-अर्ज ह्या ग्रामलेखात नोंदली जाई. पाळीची माती रयतेच्या अंगमेहनतीने पडत असे, आणि झाडाचे लाकूड मात्र तिच्या वाट्याला येईलच असे नव्हते. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना हा तिचा दुसरा पैलू दृष्टिआड होता कामा नये. तथापि तलाव फुटला तर ज्याचे नुकसान होईल असा जबाबदार मनुष्य गावातच राहत होता, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

५

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वृक्ष लावण्याचे एक नवे क्षेत्र निर्माण झाले. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरीवरून रायपूरकडे जाणारा मोठा पूर्व रस्ता बांधला गेला. त्यानंतर १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूर-छत्तीसगड हा मीटरमापी लोहमार्ग आला, आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो रुंदमापी करून कलकत्त्याकडे नेला. सालेकसा ह्या मार्गावर आले.

सडक व लोहमार्ग ह्यांनी पाण्याची वाटही बदलली. धानाच्या शेतांतून जाणारा भराव म्हणजे एक लांबच लांब बांधच होय. मोऱ्या कितीही ठेवल्या तरी वरच्या अंगाला पाणी काही काळ तुंबते. भरावासाठी ज्या खड्ड्यांतून माती काढली ते पावसाळ्यात डबकी होतात. म्हणजे ज्या अरुंद पट्टीत नवे अधिकारी झाडांच्या रांगा लावू पाहत होते, ती पट्टी त्या रस्त्यानेच पाणथळ केली होती.

ह्याच काळात सौंदर्याची कल्पनाही बदलली. झाडांची एकसारखी रांग असावी, एकाच वेळी फुललेली असावी, व ती लौकर वाढावी, अशी अपेक्षा बंगले, छावण्या व स्थानके ह्यांच्या परिसरात रूढ झाली. मादागास्करातील गुलमोहर, ऑस्ट्रेलियातील सिल्व्हर ओक, ब्रह्मदेशाकडून आलेले बुचाचे झाड आणि उष्ण अमेरिकेतील पर्जन्यवृक्ष हे त्या अपेक्षेतून सर्वत्र पसरले. ह्या सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पर्जन्यवृक्ष काही काळ तुंबलेले पाणी बऱ्यापैकी सोसतो. परंतु गुलमोहर व सिल्व्हर ओक ह्यांना निचरा लागतो. गुलमोहराची मुळे मुळातच उथळ, आणि ओल्या चिकणमातीत ती अधिकच वर राहतात. नागपूरच्या उंच, निचऱ्याच्या आवारात जो गुलमोहर शोभला तोच धानाच्या मुलखात रस्त्याकडेला आणून लावणे हे एका जागेचे यश दुसऱ्या जागेवर लादणे होते.

पाणथळ भूमी व वृक्ष ह्यांच्या संबंधात जगात इतरत्र चाललेला एक प्रयोग येथे तुलनेला घ्यावा. रोमजवळच्या त्रे फोंताने मठातील साधूंनी १८७० च्या सुमारास हिवतापाने ग्रासलेल्या दलदलीत निलगिरीची लागवड केली. दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने ताप येतो अशी तेव्हा समजूत होती. १८९७ मध्ये रॉसने डासाच्या शरीरात हिवतापाच्या जंतूचा शोध लावीपर्यंत ती पुरती गेली नव्हती. निलगिरी तेथे लावली ती जमीन कोरडी करण्यासाठी. आपल्याकडेही पुढे १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणात निलगिरीला मोठे स्थान मिळाले. परंतु तळ्यांच्या मुलखाची गरज नेमकी उलट आहे. येथे पाणी हे धन असून ते राखण्यासाठीच पाळ बांधलेली आहे. पाण्याचा शोष करणारे झाड आणि पाण्याशेजारी नांदणारे झाड ह्यांतील निवड म्हणजे त्या पाण्याविषयीच्या दोन भिन्न धोरणांतील निवड होय.

६

स्वातंत्र्यानंतर ह्या प्रश्नाला तिसरे वळण लागले. मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा १९५० मध्ये झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. रयतेच्या दृष्टीने हा बदल आवश्यक व न्याय्य होता. तळी सरकारकडे आली. १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि लहान तलावांचा कारभार पुष्कळसा त्यांच्याकडे गेला. १९९९ मध्ये गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. कागदोपत्री ही तळी आजही ‘माजी मालगुजारी’ ह्याच नावाने ओळखली जातात. धनी गेला तरी नाव राहिले. मात्र पाळीवर कोणते झाड राखावे व कोणते काढावे हे ठरवणारे गावातले माणूस ह्या स्थित्यंतरात हरवले.

अभियंत्यांचा दृष्टिकोन ह्यावेळी पुढे आला. मातीच्या धरणावर वृक्ष असू नयेत हा त्यांचा नियम. मेलेल्या मुळांच्या पोकळीतून पाणी वाट काढते, आणि वादळात उन्मळलेला वृक्ष पाळीचा लचका तोडून नेतो. हा नियम शास्त्रशुद्ध आहे व तो मोडण्याची शिफारस करता येणार नाही. परंतु पाळीच्या माथ्यासाठी व उतारासाठी असलेला हा नियम पाळीच्या पलीकडील पाझराच्या पट्ट्याला लागू पडत नाही. पायथ्यापासून पुरेसे अंतर सोडून, मोरी व सांडवा ह्यांपासून दूर असलेल्या त्या पट्ट्यात अर्जुन व जांभूळ ह्यांची खरी जागा आहे. जुन्या मोठ्या वृक्षांपैकी जे थेट पाळीत उभे आहेत त्यांच्याबाबतही उतावीळपणा नको. जिवंत मुळे माती धरून ठेवतात. झाड तोडल्यानंतर कुजणारी मुळे मात्र पोकळी निर्माण करतात. तोड केली तर पाळीची दुरुस्ती त्याच हंगामात झाली पाहिजे, एरवी धोका टळण्याऐवजी वाढतो.

१९५० मध्ये क. मा. मुनशी ह्यांच्या पुढाकाराने वनमहोत्सव सुरू झाला, तो जुलै महिन्यात. पुढे महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ ह्या काळात वृक्षलागवडीची कोटींच्या आकड्यांतील लक्ष्ये ठरवली गेली. २०१९ च्या पावसाळ्याचे लक्ष्य ३३ कोटींचे होते. हे सर्व उपक्रम पावसाळ्यातच होतात, आणि कोरडवाहू प्रदेशात ते योग्यही आहे. धानाच्या भारी जमिनीत मात्र जुलैतला खड्डा हा एक सापळाच होय. चिकणमातीत खणलेला, भुसभुशीत मातीने भरलेला खड्डा घागरीसारखा पाणी धरतो, आणि बाजूची माती पाणी मुरू देत नाही. त्यात बसवलेले रोप पहिल्याच महिन्यात गुदमरते. सखल जागी हात-दीड हात उंचीचा मातीचा ओटा करून त्यावर रोप लावावे आणि ओट्याभोवती पाणी निघून जाण्यास चर ठेवावा, हा उपाय साधा आहे. बांधावर तूर लावणारा येथील प्रत्येक शेतकरी दुसरे काय करतो?

७

आता निष्कर्षाकडे वळू. सालेकसा परिसरातील जुन्या व्यवहाराचे मर्म कोणत्याही एका झाडात नव्हते. झाडाआधी जागेचे पाणी ओळखण्यात होते. ग्रंथकारांनी दिलेली यादी त्या व्यवहाराला पोषक होती, पण तिच्यात ओली जमीन व कोंडलेली जमीन ह्यांची गल्लत होती. सडकेच्या युगाने फुलाला व रांगेला प्राधान्य दिले. अलीकडच्या मोहिमांनी संख्येला दिले. पाण्याचा प्रश्न दोन्ही वेळा मागे पडला.

जुना व्यवहार व आजचे वनस्पतिविज्ञान ह्यांचा मेळ घातल्यास निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे लावता येतो. नाल्याच्या व कालव्याच्या काठी, जेथे पाणी हलते, तेथे अर्जुन, जांभूळ, उंबर, करंज आणि वाळुंज. पाळीपलीकडच्या पाझराच्या पट्ट्यात अर्जुन व कळंब. तलावाच्या उथळ किनाऱ्याला, पाळीपासून दूर, निवर. पावसाळ्यात पाणी उभे राहते व उन्हाळ्यात भेगा पडतात अशा सपाटीवर पळस, बाभूळ आणि ऐन. ओटा करून लावता येत असेल तर तेथेच ताम्हण. कोकणच्या नाल्यांकाठी वाढणारा हा वृक्ष आज राज्यपुष्पाचा मान मिरवतो. आंबा, चिंच, मोह, कडुनिंब आणि ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी गुलमोहर हे गावठाणाच्या उंच भागात.

ह्या यादीत शोभा कमी आहे असा आक्षेप कोणी घेईल. त्याने फाल्गुनात सालेकशाहून दरेकशाकडे जाताना धुऱ्यांवर पेटलेले पळस पाहावेत, किंवा निवरीचे लोंबते तांबडे तुरे रात्री उमलून पहाटे पाण्यावर त्यांचा सडा पडतो तो पाहावा. कळंबाच्या गोल गेंदांचा वास आणि चैत्रातील करंजाची कोवळी चमकती पालवी ह्यांना कोणत्याही उद्यानात मान मिळेल.

आज ठिकठिकाणी तलावांचे सुशोभीकरण होत आहे. पाळीवर फरशी बसते, दिवे लागतात, आणि रोपवाटिकेत जी रोपे तयार असतील ती ओळीने लावली जातात. हे काम करणारांचा हेतू चांगला आहे. त्यांनी रोपांची मागणी नोंदवण्यापूर्वी एका पावसाळ्यात तीनदा, म्हणजे आषाढात, भाद्रपदात व आश्विनात, त्या जागेवर जाऊन पाणी कोठे किती दिवस थांबते ते पाहून यावे, आणि शेजारच्या बांधीत काम करणाऱ्या म्हाताऱ्याला विचारावे. ज्या नोंदी जमाबंदीच्या कारकुनाने सारा आकारण्यासाठी केल्या, त्या आपल्याला झाड जगवण्यासाठी करता येतील. विद्यार्थ्यांपैकी कोणाला ह्या विषयात काम करावयाचे असेल तर गावोगावचे वाजिब-उल-अर्ज, निस्तारपत्रके आणि पाळींवरील जुन्या वृक्षांची प्रत्यक्ष मोजणी ही साधने त्याच्यासाठी खुली आहेत. त्यांतील वृक्षांची साक्ष आधी घ्यावी हे बरे; कागद दप्तरात राहतील, पण रस्ता रुंद होताना पडलेला शंभर वर्षांचा अर्जुन पुन्हा विचारायला सापडणार नाही.